सांगून जाणारी भाभी

घराबाहेर पडताना मी अजूनही शेजारच्या दारात डोकावून सांगते, की भाजीला चालले, बँकेत चालले, तासाभरात येईन. मुलगा पुण्याहून आला की त्याला याची फार गंमत वाटते. "आई, तू काय हजेरी देतेस का?" म्हणतो. ही सवय मी माहेरहून आणलेली नाही आणि सासरच्यांनीही लावलेली नाही. आमच्या सगळ्या गल्लीलाच ती लागली ती एका बाईमुळे, आणि ती बाई आली होती कराचीहून.

नसीमभाभी आणि मी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन मूर्तिजापुरात आलो. मी चांदूर रेल्वेची. म्हणजे सकाळच्या पॅसेंजरने निघालं तर दुपारचं जेवण आईच्या हातचं. तरी मी पहिला महिनाभर परसात बसून रडत होते. आमच्या परसाची भिंत कमरेएवढी, पलीकडे हबीबभाईंचं घर. हबीबभाईंचं स्टेशनकडे गादी-रजईचं दुकान होतं, आणि फाळणीत तिकडे गेलेल्या मावशीची मुलगी त्यांनी करून आणली होती. एक दिवस भिंतीवरून लांब नाकाचा एक चेहरा डोकावला आणि म्हणाला, "कितनी दूर है तुम्हारा मायका?"

मी हुंदका आवरत म्हटलं, "दीड-दोन तास."

तिने क्षणभर विचार केला. "तो जाओ ना, मिल के आओ. रोती क्यों हो?"

एवढं बोलून ती कपडे वाळत घालायला निघून गेली. त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच प्रश्न पडला होता. मी तोंड धुतलं आणि कामाला लागले. त्यानंतर माहेरासाठी मोठ्याने रडायची मला हिंमत झाली नाही. तीही कधी रडताना दिसली नाही. पुढे एकदा दिसली, पण ते नंतर सांगते.

रडायची नाही, पण मिरवायची मात्र. "हमारे यहाँ" हे तिचं पालुपद होतं. हमारे यहाँ समंदर है, हमारे यहाँ डबल रोटी ऐसी मिलती है, हमारे यहाँ आदमी दोपहर को सोता नहीं. ज्वारीची भाकरी पहिल्यांदा ताटात पडली तेव्हा तिने ती उजेडात धरून बघितली होती म्हणे. ठेचा मात्र तिने पहिल्या दिवशीच जिंकला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी हात ताटाकडेच. त्यातही सगळ्यात मोठी गंमत हबीबभाईच सांगायचे, की जिच्या गावात थंडी पडत नाही ती पोरगी रजईवाल्याच्या घरात येऊन पडली. तिनेही ते मनावर घेतलं असावं. दोन-तीन वर्षांत तिच्यासारखा रजईचा टाका मूर्तिजापुरात कोणाचा नव्हता, आणि गिऱ्हाइकाला ती ऐकवायची, "हमारे यहाँ इसकी जरूरत ही नहीं, मगर आप ले जाओ."

सरकारच्या लेखी ती परदेशी होती. इथे राहायची परवानगी ठरावीक मुदतीची, ती पुन्हापुन्हा वाढवून घ्यायची, आणि परवानगी फक्त अकोला जिल्ह्यापुरती. अमरावतीला जायचं तर आधी अकोल्याच्या पोलीस कचेरीतून परवाना काढायचा. देशाची सीमा शेकडो मैल लांब असेल, पण नसीमभाभीची सीमा इथेच होती. बडनेऱ्याकडे जाणारी गाडी कुरूम सोडून पुढे गेली की तिचा परदेश सुरू व्हायचा.

ही सीमा सांभाळायला आमच्याकडे इंगळे जमादार होते. पोलीस ठाण्यात गोपनीय कामं बघायचे, म्हणजे ते गोपनीय कामं बघतात हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. महिन्यातून एकदा ते साध्या कपड्यांत यायचे, हबीबभाईंच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि विचारायचे, "बाई हाये का घरी?" आतून आवाज यायचा, "है." की झालं.

भाभीला येऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा एकदा ते आले आणि आतून आवाज आला नाही. हबीबभाई दुकानात, भाभी कुठे गेली ते गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. ती गेली होती बाजारात, सुया आणायला. पण ती सापडेपर्यंत हबीबभाईंना ठाण्यात नेऊन बसवलं आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी आमच्या दारात उभी. "सुनंदा, मैं दूध लाने जा रही हूँ." मी म्हटलं, बरं, जा की. ती तशीच पुढे गेली आणि हारफुलांचं दुकान असलेल्या मालूताईंना तेच सांगितलं, मग समोरच्या घरात. मी विचारलं, "भाभी, दुधाला जाताना एवढं काय सांगायचं?"

"कोई पूछे तो तुम लोग बता सको," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती सांगून जायला लागली. दळण, दवाखाना, कोणाच्या घरचं लग्न, कोणाच्या घरची मयत, काहीही असो, चार दारांत सांगून मगच पाय बाहेर. सुरुवातीला आम्ही हसायचो. माझ्या सासूबाई तर चिडायच्या, पण त्यांचं चिडणं वेगळ्याच कारणासाठी होतं.

"अवं नसीम, जाते म्हणू नाई वं. जाते म्हणलं का मानूस परत येत नाई. येते म्हणावं."

"माई, जा रही हूँ तो आती हूँ कैसे बोलूँ? जमादार साब सुनेंगे तो पूछेंगे, कहाँ से आती है?"

"जमादाराले काय कयते त्यातलं? तू माह्यं आयक."

भाभीने बाकी सगळं ऐकलं. सासूबाईंकडून वरण-भात शिकली, पुरणाच्या पोळीला जास्त तूप लागतं यावर त्यांच्याशी वाद घातला, हळूहळू मराठीही बोलायला लागली, तीही सासूबाईंचीच, मले-तुलेवाली. पण ‘येते’ काही म्हणाली नाही. जे करतेय तेच सांगायचं, यावर ती अडून बसली. आणि सासूबाई, ज्यांनी आधी वर्षभर ‘पाकिस्तानची’ म्हणून तिच्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं, त्याच दार वाजलं की हातातलं काम टाकून विचारायच्या, "कुठी चालली वं आज?"

इंगळे जमादारांची पाठ धरायची. उंबऱ्याबाहेर उभं राहून ते कण्हत, पण आत येऊन बसायला त्यांना वर्दीची भीती वाटत असावी, अंगावर वर्दी नसली तरी. भाभीने एक दिवस जाडजूड उशी भरून दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवली. "आप अंदर मत आओ, मगर बैठो तो सही." जमादार इकडेतिकडे बघून बसले. मग चहा आला. पुढे पुढे चौकशी लवकर व्हायची आणि बसणं लांबायचं. एका पावसाळ्यात ते आजारी पडून महिना चुकला, तर भाभीने हबीबभाईंना ठाण्यात पाठवलं. "पूछ के आओ, आदमी क्यों नहीं आया. मैं यहीं हूँ, कोई देखने तो आए." ठाणेदारांच्या सगळ्या नोकरीत अशी तक्रार पहिल्यांदाच आली असावी.

तिची नणंद कारंज्याला दिलेली. त्या वेळी कारंजा अकोला जिल्ह्यातच होतं, त्यामुळे तेवढं एक गाव भाभीला मोकळं होतं. शकुंतला नावाच्या आगगाडीच्या छोट्या डब्यात बसून ती दिवसभर लागला तरी खुशीत जायची, कारण ती गाडी तिला कोणी काही न विचारता न्यायची. मग जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि कारंजा वाशीमकडे गेलं. पेपरात बातमी आली, लोकांनी फटाके फोडले. इंगळे जमादार आले आणि मान खाली घालून म्हणाले, "भाभी, आता कारंज्यालेबी परवाना लागन." भाभी भाकरी थापत होती. थापता थापता थांबली आणि म्हणाली, "मैं तो यहीं चूल्हे के पास बैठी थी. सरहद ही चल के मेरे पास आ गई." मग स्वतःच हसली. जमादारांना हसावं की नाही ते कळेना, त्यांनी चहा संपवला.

त्यानंतरची वर्षं आमच्या भागाला वाईट गेली. कापसाला भाव नव्हता, आणि कापूस घेऊन जे काही चालतं ते सगळंच बसलं. गादीच्या दुकानात ते लवकर कळतं. आधी लग्नसराईत खेड्यांतून लोक नव्या गाद्या सांगायला यायचे. आता घरातलीच जुनी गादी फोडून आणायचे, तीच रुई पुन्हा पिंजा आणि वर नवं कापड चढवा म्हणायचे. भाभी त्या जुन्या गादीला अशी शिवायची की नवरीच्या सासरी कोणाला शंका येऊ नये. वरून त्या बापाला सांगायची, "पुरानी रुई गरम जास्ती होती है, दादा." ते खरं नव्हतं, पण ऐकणारा माणूस मान वर करून जायचा.

त्याच वर्षांत कुठे ना कुठे बॉम्ब फुटायचे. कधी आगगाडीत, कधी बाजारात, लांबच्या मोठ्या शहरांत. टीव्हीवर ते दिसलं की आमची गल्ली आधी टीव्हीकडे बघायची आणि मग हबीबभाईंच्या दाराकडे. मी गल्लीला नावं ठेवत नाही. माणूस घाबरलं की कुठेतरी बघतंच. माझे दीर घरात म्हणायचे, "वहिनी, जरा बोलणं कमी करा त्यांच्याशी." मी "बरं" म्हणायचे आणि भिंतीवरून वाटी पलीकडे द्यायचे. दुकानात येऊन कोणी विचारायचं, पाकिस्तानवाली इथेच का राहते, आणि सांगितलेली रजई न नेता जायचं. अशा दिवसांत भाभी बाहेर कमी पडायची, पण पडली की दुप्पट दारांत सांगायची.

एकदा झडती झाली. बाहेरून आलेले पोलीस होते, इंगळे जमादार अंग चोरून मागे उभे. त्या पोलिसांनी पेट्या उघडल्या, डबे उघडले, मग शिवून ठेवलेल्या रजयांत लोखंडी गज खुपसून बघायला लागले. भाभी काही न बोलता बघत होती. सगळं झाल्यावर तिने सुई-दोरा आणून त्यांच्या साहेबापुढे धरला. "देख लिया ना? अब सिल के जाओ." आम्ही सगळ्या आपापल्या ओट्यांवर उभ्या. तो साहेब काही शिवायला बसला नाही, पण जाताना त्याने दारात विखुरलेल्या चपला नीट जागेवर सरकवल्या आणि "माफ करा" असं काहीतरी पुटपुटला. संध्याकाळी त्या रजया शिवायला मी, मालूताई आणि सासूबाई जाऊन बसलो. दिरांनी ते बघितलं, पण अडवलं नाही.

तिची एकुलती मुलगी रेहाना अमरावतीला दिली. माणसं चांगली, फळांचा धंदा. लग्न मूर्तिजापुरातच झालं आणि भाभीने पोरीला आमच्या गल्लीच्या तोंडापासून निरोप दिला. लेकीचं सासर तिने कधी पाहिलं नाही. एकदा परवाना मिळाला होता, पण तो हातात पडला तेव्हा जायची तारीख उलटून गेली होती. मग रेहानाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्यांच्यातही आणि आमच्यातही. भाभीने खोली झाडून घेतली, मऊ जुन्या साड्या मागून दुपटी शिवली, सासूबाईंनी डिंक आणून ठेवला. मला ती एकदा म्हणाली, "मैं नहीं जा सकती तो क्या हुआ, बच्चा तो मेरे पास आएगा." तिने सगळा हिशेब त्या रिवाजावर बांधला होता.

सातव्या महिन्यात अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी रेहानाला सांगितलं, पलंगावरून उतरायचं नाही, प्रवास तर अजिबात नाही. रक्तदाब फार वाढला होता. म्हणजे रेहाना इकडे येऊ शकत नव्हती आणि भाभी तिकडे जाऊ शकत नव्हती. हबीबभाईंनी अकोल्याला अर्ज दिला. ‘होईल’ म्हणाले. आणि त्याच आठवड्यात पुन्हा एका शहरात स्फोट झाले. अर्जावर उत्तर आलं, सध्या थांबा. तिकडून रोज निरोप, की पोरगी घाबरली आहे, अम्मीला बोलवा म्हणून रडते. हबीबभाई जाऊन आले, पण तिथे बापाचं काम नव्हतं. भाभी शिवायला बसायची आणि टाके उसवत बसायची.

शेवटी सासूबाईंनीच बेत काढला. ज्या बाईने आयुष्यात तिकिटाशिवाय प्रवास केला नाही, तिने. "बुरख्यात कोन ओयखते? सकायच्या गाडीनं मी नेतो तुले. पोरीपाशी दोन दिवस राय आन् चूपचाप ये. कोनाले सांगू नको." भाभी दोन दिवस नाही नाही म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी रेहानाच्या पायांवर सूज आल्याचा निरोप आला आणि ती तयार झाली.

ठरलं असं, की सासूबाई आणि मी आधी स्टेशनवर जाऊन थांबायचं आणि भाभीने मागून एकटीने यायचं, म्हणजे कोणाच्या नजरेत येणार नाही. आम्ही बाकावर बसलो. गाडीला वेळ होता. थोड्या वेळाने भाभी आली, हातात दुपट्यांची पिशवी. तिच्या मागे मालूताई. मालूताईंच्या मागे समोरच्या घरच्या दोघी. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"हे काय वं? ह्या काहून आल्या?"

मालूताई म्हणाल्या, "नसीम सांगून गेली ना, अमरावतीले रेहानापाशी चालली म्हणून. म्हणलं पोरीसाठी हे लाडू द्यावं."

भाभीने नेहमीसारखं कुलूप लावलं होतं आणि नेहमीसारखी दारोदार सांगत निघाली होती. तोंड बोलून गेलं तेव्हा तिच्या लक्षातही आलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "आनखीन कोनाले सांगतलं?" भाभीने बुरखा मागे सारला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "नाके पे चाय की टपरी है ना," ती हळूच म्हणाली, "वहाँ जमादार साब थे."

पुढचं जमादारांनीच नंतर कितीदा तरी सांगितलं. भाभी म्हणाली, "जमादार साब, अमरावती जा रही हूँ," आणि ते सवयीने "बरं" म्हणाले. दोन घोट चहा पोटात गेल्यावर त्यांना कळलं की आपण कशाला बरं म्हणालो. पाठदुखी विसरून ते स्टेशनपर्यंत धावत आले.

"भाभी, हे काय करून राहिल्या तुमी?" त्यांना दम लागला होता. "तिकडे कोनी पकडलं तर वापस पाठवतीन तुमाले. कायमचं. मंग कुठची रेहाना आन् कुठचं मूर्तिजापूर? आन् मी पाहून न पाह्यल्यासारखं केलं तर माही नोकरी गेली."

भाभी बाकावर बसली आणि पिशवीत तोंड घालून रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटायचं तिला रडता येत नसावं. ते रडणं ऐकवत नव्हतं. गाडी आली, दोन मिनिटं थांबली, आणि बडनेऱ्याकडे निघून गेली. कोणीच उठलं नाही.

मग सासूबाई उठल्या. "इंगळे, तुमच्या हातात नाई ना?"

"नाई ना, माय. असतं तर मीच सोडून आलो असतो."

"मंग ज्याच्या हातात हाये त्याच्यापाशी चाला. अकोल्याची गाडी कवा हाये?"

असं आम्ही सगळ्या अकोल्याला गेलो, जमादारही बरोबर आले. तिकडे जायला भाभीला परवाना लागत नव्हता. कचेरीतल्या साहेबांनी आम्हाला बराच वेळ बाहेर बसवलं, पण आत घेतलं. तरुण होते, पश्चिम महाराष्ट्रातले, स्वच्छ शब्दांत बोलणारे. फाइल पुढे होती. त्यांच्या जागी ते बरोबरच होते. रोज वरून फोन येत होते, आणि एखादी चूक झाली तर तिची किंमत दुसऱ्याच कोणीतरी दिली असती. स्टेशनवरचा प्रकार त्यांच्या कानावर आला होता; त्यांनी आधी जमादारांना विचारलं, "या बाई आज विनापरवाना जिल्हा सोडणार होत्या?"

जमादार खोटं बोलू शकले असते. त्यांनी भाभीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो साहेब."

"तुम्ही अडवलं. कळलं कसं तुम्हाला? खबर होती?"

जमादार पाठ चोळायला लागले.

"मी विचारतोय, कळलं कसं?"

"त्याईनंच सांगतलं साहेब."

"चौकशीत?"

"नाई साहेब. जातानी. मी चाय पिऊन राहिलो होतो. बाई टपरीजवळून गेली आन् म्हणाली, जमादार साब, अमरावतीले जाऊन राहिली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणखी कोणाला सांगितलं?"

"मले," मालूताई म्हणाल्या.

"मलेबी," मागून दुसरी. मग तिसरी.

साहेब खिडकीकडे बघायला लागले. त्यांचे खांदे जरा हलल्यासारखे मला वाटले. सासूबाई पुढे झाल्या आणि टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाल्या, "साहेब, हे बाई दुधाले गेली तरी सांगून जाते. आज चोरून जायचं होतं. मीच शिकोलं होतं तिले, कोनाले सांगू नको म्हणून. तिले चोरून जाताच येत नाई. आता सांगा, मी काय करू? तुमाले हमी पायजे तर माही घ्या. घर हाये, चार एकर वावर हाये, मी हाओ."

भाभी खाली बघत उभी होती आणि पिशवी छातीशी धरली होती. साहेबांनी फाइल पुन्हा उघडली आणि म्हणाले, "आजी, माणूस कुठे आहे ते आम्हाला माहीत असावं, एवढंच आमचं काम असतं. या जिल्ह्यात यांच्याइतकं पक्कं मला कोणाचंच माहीत नाही." त्यांनी वरच्या साहेबांना फोन लावला, बराच वेळ बोलले, दोनदा आवाज चढवला. शेवटी पंधरा दिवसांचा परवाना दिला. रोज अमरावतीच्या ठाण्यात जाऊन हजेरी लावायची आणि हमी सासूबाईंची. सही करताना सासूबाईंचा रुबाब असा होता की साहेबच त्यांच्याकडे कामाला आहेत.

इंगळे जमादार तिला अमरावतीपर्यंत पोचवायला गेले. कुरूम गेल्यावर तिने खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं, "यहाँ से दूसरा जिला?" ते हो म्हणाले. बाहेर तसंच रान होतं, तशीच कपाशीची पऱ्हाटी. "कुछ अलग तो नहीं है," भाभी म्हणाली आणि लाडूंचा डबा उघडला.

रेहानाला चार दिवसांनी मुलगी झाली. अशक्त होती पण जगली, दोघीही. भाभी वॉर्डात दिवसभर बसायची आणि रोज सकाळी हजेरीला निघताना सगळ्या खाटांवर सांगून जायची, "मैं थाने जा रही हूँ." नव्या बाळंतिणी घाबरून नर्सला विचारायच्या, ह्या बाईने काय केलं? मी भेटायला गेले तेव्हा ती नात मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "सुनंदा, हमारे यहाँ पहला बच्चा मायके में होता है. मगर चलता है, मायका उठ के आ गया." हे ‘हमारे यहाँ’ कुठलं, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. परवानग्या वाढत राहिल्या, कधी लवकर, कधी रडवून. इंगळे जमादार निवृत्त झाले तरी महिन्यातून एकदा ओट्यावरच्या उशीवर येऊन बसायचे, आता नुसते चहाला. शेवटी भाभीला इथलं नागरिकत्व मिळालं तेव्हा पहिली बातमी तेच घेऊन आले, आणि धावत आले म्हणे, या वेळीही. त्या दिवशी भाभी बाहेर पडली ती आधी आमच्याकडे आली. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता कायचं सांगतं? आता कोन इचारते तुले?" भाभी म्हणाली, "कोनी नाई इचारलं तरी तुमी इचारता ना, माई."

दोन वर्षांपूर्वी हबीबभाई गेले. सासूबाई त्याच्या आधीच गेल्या होत्या. रेहानाने आईला अमरावतीला न्यायचं ठरवलं. जायच्या दिवशी दाराशी रिक्षा उभी होती, सामान चढवून झालं होतं. भाभी दारोदार फिरली. आता गल्लीत निम्मी माणसं नवी होती, तरी तिने एकही दार चुकवलं नाही. सगळ्यात शेवटी आमच्याकडे आली. सासूबाईंच्या फोटोपुढे उभी राहिली. मी वाट बघत होते, की आता नेहमीसारखं ‘जा रही हूँ’ म्हणेल.

"माई, येते बरं," ती म्हणाली.

ती माझ्या गालाला हात लावून निघून गेली. मी दारात उभी राहून रिक्षा बघत होते. नाक्यावर, जिथे जमादार चहा प्यायचे ती टपरी होती, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. रिक्षा तिथे थांबली. भाभीने बाहेर वाकून त्या दुकानदाराला काहीतरी सांगितलं, त्याने गोंधळून मान हलवली, आणि रिक्षा वळली.

संध्याकाळी मी तिकडून जात होते, तर त्याने मला थांबवलं. नवीनच आलाय तो गावात, भाभीला ओळखतही नव्हता.

"काकू, सकायी एक म्हातारी बाई सांगून गेली, अमरावतीले लेकीकडे चालली म्हणून. मले काहून सांगतलं त्यायनं?"

"लक्षात ठेव," मी म्हटलं. "कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे."